गणिती सॉफ्टवेअरमध्ये चलांना ग्रीक आणि देवनागरी नावे द्यावीत का?

गोदातीर

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संख्यात्मक पद्धती हा विषय आणि त्याचे प्रात्यक्षिक शिकवतो. प्रात्यक्षिकासाठी आम्ही पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरतो. ज्यांना हौस आहे ते विद्यार्थी ज्युलिया या दुसऱ्या भाषेतही काम करतात.

फळ्यावर उष्णतावहनाचे समीकरण मांडताना मी α, ρ, Δ ही चिन्हे लिहितो आणि मुले वहीत तीच उतरवून घेतात. संगणकासमोर बसल्यावर मात्र त्याच चिन्हांची रोमन स्पेलिंगे करावी लागतात. यंदा काही मुलांनी थेट α आणि Δ हीच चलांची नावे वापरली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या काही विद्यार्थ्यांनी तर 'वेग', 'अंतर', 'क्ष' अशी नावे दिली. प्रोग्राम चालले, उत्तरेही बरोबर आली. विभागातल्या बहुतेकांचे मत मात्र असे पडले की चलांची नावे फक्त रोमन लिपीतच असावीत असा नियम करून टाकावा. तो नियम होण्याआधी मला जाणकारांची मते हवी आहेत.

ग्रीक चिन्हांच्या बाजूने माझे मत बरेचसे झुकलेले आहे. उष्णतावहनाच्या सोप्या, एक्सप्लिसिट पद्धतीत α गुणिले कालाची पायरी भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग ही राशी अर्ध्याहून मोठी झाली, की उत्तर दर पायरीला वरखाली उसळत जाते आणि शेवटी निरर्थक आकडे हाती येतात. ही अट प्रोग्राममध्ये पुस्तकातल्यासारखीच दिसत असेल, तर ती चुकीची लिहिली गेल्याचे मुलांच्या एका नजरेत लक्षात येते, असे मी वर्गात पाहतो. देवनागरी नावांबद्दल मात्र माझे मत अजून बनलेले नाही.

सातपूरकर

सर, मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या चाचण्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि या प्रश्नावर माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. प्रोग्राम एकदाच लिहिला जातो, पण पुढची अनेक वर्षे तो वेगवेगळ्या माणसांना वाचावा, शोधावा आणि दुरुस्त करावा लागतो. ज्याच्या कळफलकावर α नाही, त्याने ते चल फाइलमध्ये शोधायचे तरी कसे?

दुसरी अडचण अशी की सगळी साधने हे स्वीकारत नाहीत. आमच्याकडच्या मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये चलाचे नाव इंग्रजी अक्षर, अंक आणि अधोरेखा यांपलीकडे जाऊच शकत नाही, आणि त्याच्यासारख्याच ऑक्टेव्हचेही तसेच आहे. आज ज्युलियात लिहिलेले गणित उद्या तिकडे न्यायचे ठरले, तर प्रत्येक नाव बदलत बसावे लागेल.

तिसरी गोष्ट आमच्या एका ग्राहकाच्या कारखान्यात घडली. चाचणीचा प्रोग्राम यूटीएफ-८ या संकेतमालेत (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) साठवलेला होता, तो तिथल्या जुन्या संगणकावर विंडोजच्या पाश्चात्त्य संकेतमालेत उघडला गेला आणि तिथून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये साठवला गेला. घर्षणगुणकाला त्यात μ हे नाव होते आणि यूटीएफ-८ मध्ये μ दोन बाइटांनी लिहिला जातो. त्या दोन बाइटांची दोन परकी चिन्हे झाली आणि घर्षणगुणक जिथे जिथे वापरला होता, त्या सगळ्या ओळी बिघडल्या. नाव साध्या रोमन अक्षरांत असते, तर संकेतमाला कोणतीही असली तरी ते शाबूत राहिले असते.

जलगती

मी दिंडोरी रोड परिसरात राहतो आणि नळवाहिन्या व कालवे यांच्या प्रवाहाची गणिते करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आमच्या शाखेत ग्रीक अक्षरांवाचून पान हलत नाही: घनतेला ρ, स्निग्धतेला μ, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीला ν. म्हणून मला गोदातीर सरांचे म्हणणे मनापासून पटते, परंतु या अक्षरांच्या नादात जो अपघात होतो तोही इथे नोंदवला पाहिजे.

प्रवाह संथ की खळाळता हे सांगणारी रेनॉल्ड्स संख्या काढताना वेग गुणिले नळीचा व्यास भागिले ν असे सूत्र आहे. वेगासाठी पुस्तकात इंग्रजी लहान व्ही असतो आणि पडद्यावरच्या बऱ्याच फॉन्टांत तो व्ही आणि ग्रीक न्यू यांच्यात जेमतेम टोकाचा फरक दिसतो. समजा पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर आहे आणि नळीचा व्यास ०.१ मीटर आहे. साधारण २० अंश सेल्सिअसला पाण्याचा ν चौरस मीटर प्रति सेकंद या एककात १०⁻⁶ च्या आसपास असतो, त्यामुळे रेनॉल्ड्स संख्या सुमारे १,००,००० यायला हवी आणि प्रवाह खळाळता ठरायला हवा. भाजकात ν च्या जागी चुकून व्ही पडला, तर वेगाला वेगानेच भागले जाते आणि उत्तर येते ०.१. प्रोग्राम कोणतीही तक्रार करत नाही, कारण दोन्ही चले अस्तित्वात आहेत. तो प्रवाह संथ समजून घर्षणगुणकासाठी ६४ भागिले रेनॉल्ड्स संख्या हे सूत्र लावतो आणि घर्षणगुणक ६४० काढून देतो. एवढा मोठा आकडा आल्यामुळे ही चूक निदान सापडते तरी. जिथे दोन राशी जवळपास सारख्या मापाच्या असतात तिथे ती सापडतही नाही.

तेव्हा माझे मत असे की ग्रीक अक्षरे जरूर वापरावीत, पण एकाच प्रोग्राममध्ये ν आणि व्ही, ρ आणि पी, ω आणि डब्ल्यू अशा जोड्या एकत्र येऊ देऊ नयेत. मी वेगासाठी इंग्रजी मोठा यू घेतो आणि ν मोकळा ठेवतो.

निफाडची_लेक

एक प्रश्न विचारते. ही अक्षरे तुम्ही सगळे टाइप कशी करता? मी आजवर दुसरीकडून उचलून चिकटवतच आले आहे.

जलगती

ताई, ज्युलियाच्या खिडकीत उलटी तिरकी रेघ देऊन पुढे त्या अक्षराचे इंग्रजी नाव लिहायचे आणि टॅबची कळ दाबायची, की α उमटतो. पायथॉन ज्युपिटर नोटबुकमध्ये चालवत असाल तर तिथेही हीच युक्ती चालते. लेटेक ही गणिती मजकूर जुळवण्याची पद्धत ज्यांना येते त्यांना नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत, कारण बहुतेक नावे लेटेकचीच आहेत. अनोळखी अक्षर समोर आले, तर ज्युलियाच्या मदत-खिडकीत ते चिकटवावे. ते कसे टाइप करायचे हे ती सांगते. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एस्केप, इंग्रजी ए आणि पुन्हा एस्केप दाबले की α मिळतो. सातपूरकरांच्या तिसऱ्या मुद्द्याला तिथे उत्तरही आहे, कारण मॅथेमॅटिका फाइल साठवताना त्या चिन्हाच्या जागी त्याचे नाव साध्या रोमन अक्षरांत लिहून ठेवते.

अक्षरजुळणी

उचलून चिकटवण्याबद्दल निफाडच्या ताईंनी लिहिले आहे, म्हणून आधी तेवढेच सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, दिसायला सारखे दोन डेल्टा आहेत. एक आहे ग्रीक मोठे अक्षर, आणि दुसरे आहे वृद्धी दाखवणारे गणिती चिन्ह. पहिले चिन्ह पायथॉनच्या लेखी अक्षर आहे, म्हणून ते नावात चालते. दुसरे अक्षर नव्हे, म्हणून सिंटॅक्स एरर, म्हणजे ओळ नियमाला धरून नसल्याची तक्रार, येते. मॅकच्या कळफलकावर ऑप्शन आणि जे दाबले की नेमके हे दुसरे चिन्ह उमटते. ज्युलिया दोन्ही चिन्हे स्वीकारते आणि दोन्हींना निरनिराळी चले मानते, जे माझ्या मते एरर येण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

आता मूळ विषय. प्रत्येक भाषा नावे वाचताना त्यांचे प्रमाणीकरण करते, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एका ठरावीक रूपात आणते, किंवा आणत नाही, आणि सगळा फरक तिथे पडतो. पायथॉनने रोमनेतर नावांना परवानगी देण्याचा प्रस्ताव २००७ मध्ये मांडला गेला आणि २००८ च्या डिसेंबरात आलेल्या ३.० आवृत्तीपासून ती सोय मिळाली. पायथॉन नावांना एनएफकेसी हे प्रमाणीकरण लावतो. त्यात दिसण्यापुरता वेगळेपणा पुसला जातो: गणिती ठळक एक्स आणि साधा एक्स ही एकच चले होतात, आणि एप्सिलॉनची दोन रूपे, ε आणि ϵ, हीसुद्धा एकच होतात. ज्युलिया मात्र एनएफसी हे सौम्य प्रमाणीकरण वापरते. तिथे ठळक एक्स वेगळा, साधा एक्स वेगळा, आणि एप्सिलॉनची ही दोन रूपेही वेगळी. सदिशासाठी ठळक आणि त्याच्या मापासाठी साधे अक्षर वापरणाऱ्याने ज्युलियातले गणित पायथॉनमध्ये जसेच्या तसे उतरवले, तर सदिश आणि त्याचे माप एकमेकांवर लिहिले जातील आणि कोणतीही सूचना मिळणार नाही.

ज्युलियाच्या कर्त्यांनी एका ठिकाणी मुद्दाम सवलत ठेवली आहे. काही कळफलकांवर 'मायक्रो' या एककाचे चिन्ह सहज मिळते आणि ते ग्रीक म्यूसारखेच दिसते. म्हणून ज्युलिया त्या दोघांना एकच मानते. असा विचार वाकड्या-सरळ प्रत्येक जोडीसाठी करणे कुणालाच शक्य नाही.

देवनागरीबद्दल स्वतंत्र लिहितो, कारण तिथली गुंतागुंत निराळी आहे आणि ती मराठी माणसांनीच समजून घ्यायला हवी.

निफाडची_लेक

जरूर लिहा, मी वाट पाहते. त्याआधी माझा अनुभव नोंदवते. सातपूरकर दादा, तुमचा विरोध कामाच्या जागी योग्य असेलही, पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहा.

मी मराठी शाळेत शिकले. 'समजा ती संख्या क्ष आहे' या वाक्याने माझे बीजगणित सुरू झाले. प्रोग्रामिंग शिकताना मला एकाच वेळी दोन ओझी पेलावी लागली: तर्क मांडायचा आणि प्रत्येक राशीला इंग्रजी नाव शोधायचे. मग आमच्या नाशिकच्याच दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येवर मी एक प्रोग्राम लिहायला घेतला. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि तिथे राहून त्यांनी संख्यांच्या गणितात जे काम केले ते जगभर पोचले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि येईल त्या उत्तरावर हेच पुन्हा करायचे. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

माझ्या प्रोग्राममधली मुख्य ओळ अशी होती:

फरक = उतरती - चढती

ही ओळ वाचताना मला मनात काहीच उलथापालथ करावी लागली नाही. २१११ या संख्येला उत्तर चुकायला लागले, तेव्हा ती चूक शोधताना मी चढती आणि उतरती छापून पाहिल्या आणि लगेच कळले की २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येते, त्याला पुढे शून्य लावून ०९९९ करायला हवे. शून्य लावल्यावर पुढची ओळ ९९९० वजा ०९९९ अशी होते आणि गाडी ८९९१, ८०८२, ८५३२ असे करत ६१७४ वर पोचते. पायथॉनच्या मूळ आज्ञा इंग्रजीत होत्या आणि नावे मराठीत होती, त्यामुळे कोणता शब्द भाषेचा आणि कोणता माझा, हेही चटकन वेगळे दिसत होते.

पाटणादेवी

निफाडच्या लेकीच्या या अनुभवाला आपल्याच परंपरेचा आधार आहे. ब्रह्मगुप्तांपासून आपले गणिती अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींना आपल्या शब्दांतली नावे देत आले. पहिली अव्यक्त राशी यावत्तावत्, तिचे संक्षिप्त रूप 'या'. पुढच्या राशींना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक, आणि लिहिताना 'का', 'नी', 'पी', 'लो'. ज्ञात संख्येपुढे 'रू', वर्गासाठी 'व', घनासाठी 'घ', आणि ऋण संख्येवर एक टिंब. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या बीजगणितात हीच पद्धत आहे. माझे गाव चाळीसगावकडे, जिथे पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे. 'याव' म्हणजे अव्यक्ताचा वर्ग. एका अक्षराचे चल आणि लगेच पुढे घात, ही सोय त्या काळी देवनागरीच्या पूर्वज लिप्यांत झालेली होती.

सातपूरकर

पाटणादेवी, माहिती सुंदर आहे आणि मला ती नवीन होती. तथापि ताडपत्र वाचणारा माणूस असतो, आणि प्रोग्राम वाचणारे यंत्र प्रत्येक अक्षराच्या संकेतक्रमांकावर अडते. माझा आक्षेप लिपीच्या योग्यतेवर नाही. अक्षरजुळणी यांनी देवनागरीबद्दल लिहावे, मग मी बोलतो.

अक्षरजुळणी

लिहितो. काही गोष्टी वेळ घेऊन समजून घ्याव्या लागतील, म्हणून मजकूर लांबला आहे.

आधी चांगली बाजू. निफाडच्या लेकीच्या प्रोग्राममधली 'चढती', 'उतरती', किंवा क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांचा मिळून बनणारा 'क्ष', ही सगळी नावे पायथॉन आणि ज्युलिया दोन्हींत चालतात, कारण तिथे नावाच्या पहिल्या अक्षरानंतर मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त यांना मुभा आहे. ही मुभा सगळीकडे नसते. गो या भाषेत नावात फक्त अक्षरे आणि अंक चालतात आणि मात्रा हे तिथे अक्षर धरले जात नाही. त्यामुळे गोमध्ये 'कमळ' चालेल, पण 'वेग' चालणार नाही. देवनागरीची ही अडचण त्या भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत मान्य केलेली आहे.

आता मराठीची खास दुखणी. 'ॲ' हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, ०९७२ या क्रमांकावर आले. पण त्याआधीपासून लोक अ आणि त्यावर चंद्र अशा दोन संकेतांनी तेच अक्षर लिहीत होते आणि काही कळफलक अजूनही तसेच लिहितात. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात. युनिकोडच्या नियमांनी ती समान मानलेली नाहीत, त्यामुळे एनएफसी आणि एनएफकेसी, दोन्ही प्रमाणीकरणांनंतरही ती वेगळीच राहतात. एका विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर 'ॲरे' नावाची यादी केली आणि प्रयोगशाळेतल्या कळफलकावर तेच नाव पुन्हा लिहिले, तर 'ॲरे' नावाचे चलच नाही असे पायथॉन सांगेल आणि त्या मुलाला दोन्ही ओळींत डोळ्यांनी काहीही फरक सापडणार नाही. 'ऑ' लिहिण्याच्या पद्धतींचेही तसेच आहे.

दुसरे दुखणे 'ऱ्य' चे. 'किनाऱ्यापासून_अंतर' असे नाव घ्या. त्यातले ऱ्य लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत: एकीत ०९३१ क्रमांकाचा ऱ वापरतात, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. पहिली पद्धत पायथॉनला चालते. दुसरीत तो अदृश्य जोडक नावात मान्य नाही, म्हणून प्रोग्राम सुरूच होत नाही. जावास्क्रिप्ट तो जोडक स्वीकारते, पण नावांचे प्रमाणीकरण करत नसल्याने दोन्ही नावांची दोन चले होतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत फसवी वाटते. मराठी टाइप करताना विसर्गाच्या जागी कोलन टाकण्याची सवय फार पसरलेली आहे. भागाकाराच्या प्रोग्राममध्ये 'निःशेष' असे नाव ठेवले आणि एका ओळीत विसर्गाऐवजी कोलन पडला, तर ती ओळ 'नि:शेष = १' अशी दिसेल. पायथॉनच्या ३.६ आवृत्तीपासून चलाच्या पुढे कोलन देऊन त्याचा प्रकार लिहिण्याची सोय आहे. त्यामुळे पायथॉन ही ओळ चुकीची मानत नाही. तो समजतो की 'नि' नावाचे चल आहे आणि 'शेष' हा त्याचा प्रकार आहे. ही ओळ फंक्शनच्या आत असेल, तर प्रकार तपासलाही जात नाही. 'नि' ला किंमत मिळते, 'निःशेष' जुन्याच किमतीवर राहतो, आणि सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते. इथे तुमच्या वाचनासाठी मी त्या ओळीत देवनागरी १ लिहिला आहे, पण प्रत्यक्षात तो इंग्रजी अंकच हवा. पायथॉनमध्ये मजकुरातले '१२' पूर्णांकात बदलून मिळते, मात्र प्रोग्राममध्ये थेट देवनागरी अंकांनी संख्या लिहिता येत नाही. नावाच्या मधे किंवा शेवटी मात्र देवनागरी अंक चालतात, आणि 'क१' हे चल इंग्रजी एक लावलेल्या क पेक्षा वेगळे असते.

शेवटी कळफलकाबद्दल. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकात बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ऋकार आहे, चौकटी कंसाच्या कळीवर ड आहे, तिरक्या रेघेच्या कळीवर य आहे. म्हणजे 'वेग = अंतर / वेळ' एवढी ओळ लिहितानाही बरोबरच्या चिन्हासाठी आणि भागाकारासाठी कळफलक बदलून पुन्हा परत यावे लागते. उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर ॉ आहे, त्यामुळे जलगती यांनी सांगितलेली टॅबची युक्तीही इन्स्क्रिप्ट चालू असताना करता येत नाही.

जलगती

विसर्गाचा हा प्रकार मी आत्ताच करून पाहिला आणि खरोखर कोणतीही एरर आली नाही. या एका उदाहरणासाठी मी आपला आभारी आहे.

घातांकाबद्दल एक सावधगिरी याच प्रकारची आहे. ज्युलियात एक्सच्या डोक्यावर युनिकोडचा छोटा २ लिहिला, तर त्याचा अर्थ एक्सचा वर्ग होत नाही. तो त्या नावाचा भाग होतो आणि एक नवे चल तयार होते. त्याच नावाचे चल आधी कुठे ठरवलेले असेल, तर प्रोग्राम मुकाट्याने तीच किंमत घेतो. पायथॉन निदान तिथे थांबतो, कारण त्याला तो छोटा २ नावात मान्य नाही. पायाशी लिहिलेल्या छोट्या १ बाबतही ज्युलिया होकार देते आणि पायथॉन नकार देतो.

ध्वनिवाचक

मी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. साधी ग्रीक अक्षरे मला बहुतेक वेळा नीट ऐकू येतात आणि देवनागरी नावे, मराठी आवाज बसवलेला असेल तर, उत्तम ऐकू येतात. गणिती ठळक किंवा वळणदार अक्षरांचे मात्र कधी लांबलचक नाव वाचले जाते, तर कधी ते अक्षर गाळलेच जाते. नावात ती नसावीत अशी माझी विनंती आहे.

सातपूरकर

अक्षरजुळणी यांच्या विवेचनानंतर माझा विरोध अधिक नेमका झाला आहे. त्यात सुरक्षिततेची एक बाजू जोडतो. २०२१ च्या नोव्हेंबरात केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी 'ट्रोजन सोर्स' या नावाने दाखवून दिले की दिशा बदलणारी अदृश्य अक्षरे आणि एकसारखी दिसणारी अक्षरे वापरून, तपासणाऱ्याला एक दिसेल आणि संगणक दुसरेच चालवेल, असा प्रोग्राम लिहिता येतो. सिरिलिक लिपीतला ए आणि इंग्रजी ए डोळ्यांना एकच. त्याच वर्षी रस्ट या भाषेने रोमनेतर नावांना परवानगी दिली, पण सोबत एकसारख्या दिसणाऱ्या नावांबद्दल सूचना देण्याची व्यवस्थाही केली. इतर भाषांत अशी व्यवस्था आपली आपण करावी लागते.

पायथॉनच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेतही भाषेसोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या मूळ संग्रहापुरता नियम आहे की नावे रोमन अक्षरांतच असावीत. भाषेने मुभा दिली आणि भाषेच्या कर्त्यांनी स्वतःच्या सामाईक कामात ती वापरायची नाही असे ठरवले, याचा अर्थ आपणही लक्षात घ्यावा.

निफाडची_लेक

दादा, सामाईक कामापुरता तो नियम मलाही पटतो. पण मग ज्युलियाकडेही पाहा. तिथे ≈, ∈, √, ÷ ही चिन्हे आहेत आणि त्या प्रत्येकाला रोमन अक्षरांतले पर्यायी नावही आहे. ज्याला चिन्ह टाइप करता येते तो ते वापरतो, ज्याला येत नाही त्याचे काम अडत नाही. एकाला मुभा देण्यासाठी दुसऱ्याची गैरसोय करावीच लागते असे नाही.

आणि ॲ, ऱ्य, विसर्ग या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या मोजक्या आहेत. त्या वर्गात सांगता येतील. ν आणि व्ही यांचा घोटाळा जलगती काकांनी दाखवला, म्हणून आपण ग्रीक अक्षरे सोडून दिली नाहीत, सावधगिरी ठरवली. देवनागरीलाही तोच न्याय मिळावा.

अक्षरजुळणी

या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने आहे. सावधगिरीचे काम यंत्राकडेही देता येते. पायथॉनसोबतच येणाऱ्या साधनांनी प्रोग्राममधली सगळी नावे वेगळी काढता येतात आणि प्रत्येक नावातल्या प्रत्येक अक्षराचे अधिकृत युनिकोड नाव छापता येते. अ आणि चंद्र शेजारी आले, किंवा एकाच नावात ग्रीक आणि रोमन मिसळले, की सूचना द्यायची, एवढे तपासणारा प्रोग्राम तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सहज लिहील. Δ पुढे रोमन अक्षर येणारच, तेवढा अपवाद ठेवावा लागेल.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. विभागापुढे मी आता 'फक्त रोमन' हा नियम मांडणार नाही. माझा प्रस्ताव असा राहील की फंक्शनच्या आतली नावे विद्यार्थ्याने ग्रीक, देवनागरी किंवा रोमन, आपल्याला सूत्र ज्या रूपात समजते त्या रूपात ठेवावीत. फंक्शनचे स्वतःचे नाव आणि बाहेरून द्यायच्या किमतींची नावे मात्र रोमन अक्षरांत असावीत, म्हणजे दुसऱ्याला ते फंक्शन वापरताना अडचण येणार नाही. ठळक-वळणदार गणिती अक्षरे आणि डोक्यावरचे छोटे अंक नावात नसावेत. ν ज्या प्रोग्राममध्ये असेल तिथे वेगाला व्ही घेऊ नये. अक्षरजुळणी यांनी सुचवलेला तपासनीस प्रोग्राम मी पहिल्याच प्रात्यक्षिकाचा विषय करीन, कारण त्यातून मुलांना युनिकोडही शिकता येईल.

सातपूरकर

सर, आत आणि बाहेर अशी विभागणी मला मान्य होण्यासारखी आहे. ग्रीक अक्षरांपुरती ती मी आमच्याकडेही सुचवून पाहीन. कारखान्याच्या कामात देवनागरी नावांना माझा विरोध कायम आहे, कारण आमचे प्रोग्राम पुण्याला, चेन्नईला आणि परदेशातही जातात आणि तिथल्या अभियंत्याला 'उतरती' वाचता येणार नाही. आपल्या प्रस्तावात एक गोष्ट जोडा: प्रत्येक फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवायची, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे एडिटरची, मूळ मांडणी तशी करून ठेवायची. मुलांच्या भरवशावर ते सोडू नका.

अक्षरजुळणी

आणि सर, प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर एकच मराठी कळफलक बसवून घ्या. तो ॲ साठी ०९७२ आणि ऱ्य साठी ०९३१ लिहितो की नाही, हे आधी तपासून घ्या.